पावाभोवतीचा सरंजाम

भट्टीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पावाचा सुवास, त्याच्या कवचाचा कुरकुरीतपणा आणि गाभ्याचा मऊपणा यांपैकी एकही गुण डोळ्याला गोचर होणारा नाही. डोळ्यापुढे येतो तो केवळ एक तपकिरी गोळा, ज्याला ना आंब्याचा वर्ण, ना डाळिंबाची झळाळी, ना द्राक्षांच्या घडाची रेखीव आकृती. त्यामुळे पाव, केक, बिस्किटे आणि तत्सम भाजीव पदार्थांचे छायाचित्र घेण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येतो, ते त्या पदार्थाला एकटे कधीच सोडत नाहीत. चरे पडलेली लाकडी फळी, किंचित चुरगळलेले तागाचे वस्त्र, जुन्या घडणीची सुरी, अर्धा भरलेला पेला, जाणूनबुजून सांडलेले चार कण असा सगळा सरंजाम त्याच्याभोवती मांडला जातो, आणि मुंबईच्या जाहिरात-व्यवसायात तर केवळ हा सरंजाम जमवून देणे हाच काहींचा स्वतंत्र धंदा होऊन बसला आहे. ही रीत जाहिरातीच्या युगाची निपज आहे असा सार्वत्रिक समज असला, तरी तिची मुळे कॅमेऱ्याच्या जन्मापूर्वी दोनशे वर्षे, सतराव्या शतकातील हार्लेम नामक एका डच नगरात सापडतात. आणि त्या नगरातील चित्रकारांच्या मेजांकडे जो सावकाश पाहील त्याला हेही उमगेल, की या सरंजामाचे मुख्य कार्य पदार्थाला शोभा आणणे हे नसून, चित्रात जो कोठेच दिसत नाही त्या जेवणाऱ्याची साक्ष देणे हे आहे.

खाद्यवस्तूंची चित्रे काढण्याची हौस अर्थातच त्याहून पुरातन आहे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हिअस याने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या भागात असे नमूद केले आहे, की ग्रीक यजमान पाहुण्यांना पहिल्या दिवशी आपल्या पंक्तीला घेत आणि त्यानंतर कोंबड्या, अंडी, भाजीपाला, फळे असा शिधा त्यांच्याकडे पोचता करीत, आणि अशा शिध्याची चित्रे काढणाऱ्यांनी त्या चित्रांना त्या आतिथ्याचेच नाव दिले. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगराच्या भिंतींवर अशी चित्रे विपुल आहेत. आणि त्याच राखेने आठ फाकांच्या खुणा असलेले गोल पाव कोळशाच्या रूपाने जतन केल्यामुळे, चित्रातील पाव आणि प्रत्यक्षातील पाव ताडून पाहण्याची विरळ सोय इतिहासाला लाभली आहे. २०२३ साली तेथील उत्खननात उजेडात आलेल्या एका भित्तिचित्रात चांदीच्या तबकावर एक चपटी गोल भाकर असून, तिच्यावर व भोवती फळे आणि शेजारी मद्याचा चषक आहे. साध्या भाकरीला चांदीचे तबक देण्याची ही कल्पना पाहिली म्हणजे पुढील सगळ्या कथेचे बीज तेथेच पडले होते असे वाटू लागते. परंतु त्या भाकरीला कोणीही हात लावलेला नाही. ती पाहुण्याच्या पुढे यायची आहे, आणि तिचा जेवणारा भविष्यकाळातला आहे.

आपल्याकडे अन्न मांडण्याचा संस्कार काही कमी सूक्ष्म नाही. पाट, ताटाभोवती रांगोळीची महिरप, उदबत्तीचे घर, मीठ-लिंबू कोठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, वरण-भाताची मूद मध्ये, या साऱ्याचा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला आहे, आणि त्यात डोळ्याच्या तृप्तीचा विचार स्पष्ट आहे. मात्र ही मांडणी पाटावर येऊन बसणाऱ्या माणसासाठी असते; तो आपोष्णी घेऊन पहिला घास उचलतो त्या क्षणी तिचे प्रयोजन संपते. चित्रातल्या मेजाची गोष्ट निराळी आहे. तेथे कोणी येऊन बसणार नाही, आणि म्हणून कोणीतरी नुकतेच उठून गेले आहे असा आभास निर्माण करणे चित्रकाराला भाग पडते. ही युक्ती पूर्णत्वाला नेली ती हार्लेमकरांनी.

तथापि हार्लेमच्या मेजाकडे वळण्यापूर्वी डच भटारखान्याच्या दाराशी क्षणभर थांबले पाहिजे, कारण पाव आकर्षक रीतीने मांडण्याची विद्या चित्रकारांच्या अगोदर भटाऱ्यांना अवगत होती. यान स्टेन याने १६५८ साली लायडेन येथील आरेंड ओस्टवार्ड या भटाऱ्याचे आणि त्याच्या पत्नीचे जे चित्र काढले आणि जे आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, त्यात भटारी दुकानाच्या खिडकीपाशी उभा असून, खिडकीच्या फळीवर लहानमोठे पाव टेकवून ठेवले आहेत, लाकडी दांडीवर वेढ्यांच्या आकाराची प्रेट्झेल ओवली आहेत आणि एक मुलगा शिंग फुंकून भट्टी उतरल्याची वर्दी गावाला देत आहे. या शिंगाच्या आवाजामागे नगरशासनाचा कारभार उभा होता. धान्याचा भाव चढला-उतरला की पावाचे वजन आणि किंमत किती असावी हे डच नगरपालिका वेळोवेळी ठरवून देत, आणि भटाऱ्याला तो निरख मानावाच लागे. किंमत आणि वजन दोन्ही बांधलेली असताना एका भटाऱ्याने दुसऱ्यावर मात करायची ती पावाच्या रूपाने आणि मांडणीने. कोणता पाव पुढे ठेवायचा, कोणता तिरका टेकवायचा, उजेडाकडे कवच करायचे की चिरलेली बाजू, हा विचार त्या खिडकीच्या फळीवर रोज पहाटे होत असला पाहिजे. स्टेनच्याच संत निकोलसच्या सणाच्या चित्रात उजव्या अंगाला टेकवून ठेवलेला, चौकटच्या पानासारखा लांबट, मोठा पाव दिसतो. तो दाउव्हेकाटर नावाचा सणासुदीचा पाव, आणि समोरच्या कोपऱ्यात बिस्किटे, वॉफल आणि सुकामेवा यांनी भरलेली टोपली आहे. बालकांच्या रुसण्या-हसण्याने भरलेल्या त्या खोलीत चित्रकाराने हा पाव इतक्या अगत्याने रंगवला आहे, की तोही त्या कुटुंबातला एक मनुष्य वाटावा.

आता हार्लेम. स्पॅनिश सैन्याने १५७२-७३ मध्ये घातलेल्या वेढ्यात उद्ध्वस्त झालेले हे शहर पुढील पन्नास वर्षांत पुन्हा भरभराटले ते मुख्यतः तागाच्या वस्त्रांवर. १५८५ साली अँटवर्प स्पॅनिश हुकूमतीखाली गेल्यावर दक्षिणेकडील विणकर, व्यापारी आणि चित्रकार सहकुटुंब उत्तरेस आले. आणि हार्लेमच्या सभोवारच्या कुरणांवर, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधून झिरपणाऱ्या निर्मळ पाण्याने तागाची ठाणे शुभ्र करण्याचा उद्योग इतका वाढला, की हार्लेमची शुभ्रता ही युरोपच्या बाजारात एक प्रत ठरली. ही माहिती येथे सांगण्याचे कारण असे, की त्या चित्रांतून पावाखाली अंथरलेले, अर्धे ओढले जाऊन चुण्या पडलेले, घडीच्या रेषा अजून न मोडलेले जे पांढरे वस्त्र वारंवार दिसते, ते निव्वळ पार्श्वभूमी म्हणून आलेले नाही. तो त्या गावचा अभिमानाचा माल आहे. आज जगभरच्या छायाचित्रांत पावाखाली तागाचा जो चौकोनी रुमाल अंथरला जातो, त्याचे मूळ घराणे हे आहे.

याच गावात पीटर क्लास आणि विलेम क्लास हेडा हे दोन चित्रकार १६२० ते १६५० या काळात एकाच विषयावर पुनःपुन्हा चित्रे काढीत राहिले. क्लास अँटवर्पजवळच्या बेर्खेम गावचा, म्हणजे त्या स्थलांतरितांच्या मुलखातलाच. दोघांचाही विषय न्याहारीचे मेज हा होता, आणि त्यांनी रंगांचा असा काही संयम पाळला की राखाडी, करडा, फिकट हिरवा आणि तपकिरी यांपलीकडे त्यांचे कुंचले क्वचितच गेले. हा संयमच पावाच्या पथ्यावर पडला. शेजारी लाल कलिंगड नसल्यामुळे पावाच्या तपकिरी रंगातील छटा, म्हणजे कडेचा करपट, माथ्यावरचा सोनेरी, फुटलेल्या भेगेतील पांढुरका, डोळ्यात भरू लागल्या. ते पाव गव्हाचे आहेत, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. गरिबाच्या ताटात राय नावाच्या धान्याची काळी भाकर असे. पांढऱ्या गव्हाचा गोल पाव हे सुस्थितीचे चिन्ह होते, आणि ते चिन्ह ओळखण्यास तत्कालीन प्रेक्षकाला कोणाच्या मदतीची गरज नव्हती.

क्लासच्या १६२७ च्या, सध्या राइक्सम्युझियममध्ये असलेल्या चित्रात टर्कीच्या मांसाची एक प्रचंड पेस्ट्री आहे. जाड पिठाच्या कवचात सारण कोंडून भाजलेल्या अशा पेस्ट्रीचे कवच बाहेरून पाहणाऱ्याला आत काय आहे ते सांगत नाही. म्हणून तिच्या माथ्यावर त्या पक्ष्याचे डोके, मान, पंख आणि शेपटी, पिसांसकट, जशीच्या तशी बसवण्याची चाल श्रीमंत मेजवान्यांतून होती. मुका पदार्थ बोलका करण्याचा याहून ठसठशीत उपाय सापडणे कठीण. आणि तो उपाय चित्रकाराने शोधलेला नसून मुदपाकखान्यातच रूढ होता, हे विसरता कामा नये. त्याच मेजावर शंखाचा पेला आहे, कालवे आहेत, अर्धवट सोललेले लिंबू आहे, फळांनी भरलेले चिनी मातीचे भांडे आहे आणि जुन्या पंचांगाच्या पानात बांधलेली मिऱ्याची पुडी आहे.

या दोन शेवटच्या वस्तूंशी आपला संबंध पोचतो. निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांची गोडी डच लोकांना लागली ती प्रथम लुटीतून. गोव्याहून लिस्बनकडे निघालेले सँ तियागो हे पोर्तुगीज जहाज १६०२ साली सेंट हेलेना बेटापाशी झीलंडच्या डच गलबतांनी पकडले आणि त्यावरील माल मिडलबर्ग येथे लिलावात विकला. पुढच्याच वर्षी सिंगापूरजवळ सांता कातारिना हे दुसरे जहाज हाती लागले आणि त्यातील चिनी भांड्यांची विक्री ॲम्स्टरडॅममध्ये झाली. मांडवीच्या मुखातून बाहेर पडलेल्या पेटाऱ्यांतले पेले आणि तबके हार्लेमच्या मेजावर पावाशेजारी येऊन बसण्याचा मार्ग हा असा आहे. मिरी तर मलबारची आणि जावा-सुमात्रेची. डच कंपनीने १६३७ साली आपल्या कोकणात वेंगुर्ले येथे वखार घातली, तिचे मुख्य प्रयोजन गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या आरमाराला रसद पुरवणे हे होते; म्हणजे ज्या दशकांत हेडा आपल्या चित्रात मिऱ्याची पुडी उलगडून ठेवीत होता, त्याच दशकांत त्या मिऱ्याच्या व्यापारासाठी चाललेल्या झगड्याचे एक ठाणे वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभे होते. चित्रातील पुडी ही किराणा दुकानात मिळते तशीच, रद्दी कागदाच्या गुंडाळीची आहे. तिचे तोंड सुटले आहे, आणि काळे दाणे शुभ्र तागावर घरंगळले आहेत. हे घरंगळणे चित्रकाराने दाणा-दाणा विचार करून बसवले असले, तरी पाहणाऱ्याला मात्र कोणाच्या तरी घाईच्या हाताचा भास होतो.

हेडाचे १६३१ चे, आता ड्रेस्डेन येथील संग्रहात असलेले, ब्लॅकबेरीच्या पेस्ट्रीचे चित्र हे माझ्या मते या परंपरेचे शिखर आहे. पेस्ट्रीचे कवच फोडून सारण उकरले गेले आहे, त्यातील गडद जांभळा रस कवचाच्या कडेला लागला आहे. चांदीचे उभे तबक आडवे पडले आहे. अक्रोड फोडून टाकला आहे. वस्त्र एका बाजूला सरकले आहे. येथे एकही मनुष्य नाही, आणि तरीही कोण बसले होते, ते कोणत्या बाजूने उठले, त्यांना किती भूक होती आणि किती नव्हती, हे सारे चित्र सांगून जाते. मेजाच्या कडेवरून सुरीची मूठ किंवा थाळीची कड किंचित बाहेर डोकावते, आणि ती आपल्याकडे रोखलेली असते. ही योजना या चित्रकारांनी इतक्या वेळा केली आहे, की तिला योगायोग म्हणता येणार नाही. तिने सपाट फळ्यावर खोली उत्पन्न होते, हा तिचा शास्त्रीय भाग झाला. परंतु तिने आणखी एक गोष्ट होते. मूठ ज्या दिशेला असते त्या दिशेला हात असायचा, आणि त्या दिशेला आता आपण उभे आहोत. जेवणाऱ्याची रिकामी जागा अशा रीतीने प्रेक्षकाला देऊ केली जाते. काचेच्या फुगीर पेल्याच्या पोटात खिडकीच्या गजांचे जे इवलेसे प्रतिबिंब हे चित्रकार न चुकता रंगवतात, तेही याच हेतूने: चौकटीबाहेर एक खोली आहे, तिला खिडकी आहे, आणि आपण त्या खोलीत आहोत.

अँटवर्पची क्लारा पेटर्स ही स्त्री-चित्रकार याहून एक पाऊल पुढे, किंबहुना काळाच्या हिशोबाने एक पाऊल आधी गेली होती. हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहातील तिच्या १६१५ च्या सुमाराच्या चित्रात चीजचे मोठे गड्डे, बदाम, अंजीर आणि प्रेट्झेल आहेत. पुढे मेजाच्या कडेवर एक नक्षीदार चांदीची सुरी आहे आणि तिच्या मुठीवर चित्रकर्तीचे स्वतःचे नाव कोरलेले आहे. अशा सुऱ्या त्या काळी विवाहप्रसंगी वधूला भेट देत. ही सुरी तिच्या एकाहून अधिक चित्रांत पुनःपुन्हा येते, यावरून तिच्यापाशी मांडणीच्या वस्तूंचा एक ठरावीक संच होता आणि तो ती दर चित्राला नव्याने रचीत असे, असे अनुमान निःशंकपणे काढता येते. हेडाच्या आणि क्लासच्या चित्रांतूनही तेच पेले व त्याच सुऱ्या अशाच फिरून फिरून भेटतात. आजचे मांडणीकार कपाटे भरभरून ज्या जुन्या थाळ्या आणि गंजलेले साचे जपून ठेवतात, त्या कपाटांची वंशावळ येथून सुरू होते. पेटर्सच्या त्या चित्रातील मडक्याच्या धातूच्या झाकणात बारकाईने पाहिले, तर तिचा स्वतःचा चेहरा उमटलेला दिसतो. जेवणारा अदृश्य आहे, पण मांडणारी हजर आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१६ मध्ये तिच्या एकटीच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले, आणि एका स्त्री-चित्रकाराचे असे प्रदर्शन त्या संस्थेच्या दीर्घ इतिहासातील पहिलेच होते.

या चित्रांचा अर्थ लावताना अनेक पंडितांनी क्षणभंगुरतेचा उपदेश त्यांत पाहिला आहे: आडवा पेला म्हणजे ढळलेले वैभव, सोललेले लिंबू म्हणजे दिसायला गोड आणि चवीला आंबट असे ऐहिक सुख. हा अर्थ त्या काळच्या धर्मशील प्रेक्षकाला परका नव्हता, हे मान्य करूनही मला तो अपुरा वाटतो. ज्याला केवळ वैराग्य शिकवायचे आहे तो पावाच्या भेगेतील पांढुरक्या छटेवर इतके दिवस खर्ची घालणार नाही. हे चित्रकार पावावर प्रेम करीत होते.

अठराव्या शतकात हा वारसा फ्रान्समध्ये शार्दां या चित्रकाराकडे आला. लूव्रमधील त्याच्या १७६३ च्या चित्रात ब्रिओश नावाचा लोण्या-अंड्यांचा फुगीर पाव मध्यभागी असून, भोवती पांढऱ्या चिनी मातीचे साखरेचे भांडे, मद्याची सुरई आणि फळे आहेत. आणि पावाच्या माथ्यात नारिंगीच्या फुलांची एक डहाळी खोचलेली आहे. ही डहाळी म्हणजे या संपूर्ण इतिहासातील मला सर्वांत प्रिय असलेली वस्तू होय, कारण इतक्या अल्प साधनाने इतके साधल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही: तिने पावाला उंची दिली, तपकिरी रंगाला हिरवा-पांढरा प्रतिरंग दिला आणि चित्राला न दिसणारा गंध दिला. हे चित्र १८६९ साली लूव्रच्या संग्रहात दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी एद्वार माने याने आपली ब्रिओश रंगवली. त्याने डहाळीच्या जागी गुलाब खोचला.

छायाचित्रणाच्या जन्मघटकेलाच पाव हजर होता, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. फ्रान्समधील निसेफोर निएप्स याने ज्या प्रारंभिक प्रयोगांतून प्रकाशाने चित्र उमटवले, त्यांतील एकात मांडलेले मेज होते: वस्त्र, बाटली, पेला, वाडगा, सुरी आणि पाव. मूळ काच विसाव्या शतकाच्या आरंभी फुटून नष्ट झाली आणि केवळ तिची छापील प्रतिकृती उरली आहे. परंतु मनुष्याला यंत्राकडून चित्र काढवून घ्यायचे सुचले तेव्हा त्याने हार्लेमचेच मेज पुन्हा मांडले, एवढे त्या प्रतिकृतीवरून कळते. इंग्लंडात फॉक्स टॅल्बट याने १८४४ ते १८४६ या काळात प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांच्या ग्रंथाचे शेवटचे, चोविसावे चित्र फळांच्या परड्यांचे होते.

पण यंत्राने भाजीव पदार्थांचा पक्ष घेतला नाही. त्या काळचा रासायनिक लेप निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देई. पिवळा, तांबडा आणि तपकिरी हे वर्ण त्याला जवळजवळ अंधारासारखे. सोनेरी कवचाचा पाव त्या काचेवरून काढलेल्या छापात कोळशासारखा काळा उमटे. सर्व वर्णांना सारखी दाद देणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात येईपर्यंत हे वैगुण्य राहिले, आणि १८६१ साली निघालेल्या मिसेस बीटन यांच्या सुविख्यात गृहव्यवस्था-ग्रंथात पदार्थांची चित्रे आली ती शिळाछापाची, रंगवलेली. तत्पूर्वी १८१५ मध्ये पॅरिसच्या मारी-आंतवान कारेम याने केक आणि साखरेच्या मंदिरांचे, मनोऱ्यांचे आणि भग्न अवशेषांचे आराखडे कोरीव चित्रांच्या रूपाने प्रसिद्ध केले होतेच. मात्र त्याच्याकडे पदार्थ स्वतःच सरंजाम झाला होता, आणि त्या वाटेने आपला विषय जात नाही.

रंगीत छायाचित्रातला पाव लोकांच्या घरी पोचवण्याचे श्रेय बव्हंशी निकोलस मुराय याला द्यावे लागेल. हंगेरीत १८९२ साली जन्मलेला आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कला आलेला हा गृहस्थ ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी खेळलेला होता, आणि १९३० नंतर अमेरिकन महिला-मासिकांसाठी त्याने केक, मांस आणि फळांच्या मेजांची चित्रे सातत्याने घेतली. तांबड्या, हिरव्या आणि निळ्या काचांतून एकाच दृश्याच्या तीन प्रतिमा घ्यायच्या, त्या तिन्हींवरून तीन रंगांचे जिलेटिनचे पापुद्रे तयार करायचे आणि एकावर एक तंतोतंत बसवायचे, अशी ती कष्टाची आणि खर्चाची प्रक्रिया होती. तीव्र विद्युद्दीपांची धग, मोठा कॅमेरा आणि दीर्घ वेळ यांत साय वितळे, लोणी घामेजे, केकवरचा साखरेचा थर ओघळे. येथून फसवणुकीला तोंड फुटले. प्रथम दिवे लावून घेण्यासाठी एक तोतया केक ठेवायचा आणि अखेरच्या क्षणी डझनातून निवडलेला खरा केक आणायचा, एवढ्यावर भागत होते. पुढे सायीच्या जागी दाढीचा साबण आला, आइस्क्रीमच्या जागी चरबी आणि साखर यांचा गोळा आला, केकच्या पोटात कृत्रिम फेसाचा ठोकळा आला. ज्या स्त्रिया गृहशास्त्राच्या पदव्या घेऊन कंपन्यांच्या प्रयोग-पाकशाळांत काम करीत, त्यांनीच ही विद्या वाढवली. त्यांची नावे क्वचितच छापली गेली. नाव छापले गेले ते बेटी क्रॉकर या स्त्रीचे, जी मिनीआपोलिसच्या पिठाच्या गिरणीवाल्यांनी १९२१ मध्ये पत्रांना उत्तरे देण्यासाठी कल्पिलेली होती आणि जिच्या नावाचे चित्रमय पाकपुस्तक १९५० साली निघाले. चित्रे खरी काम करणाऱ्यांची आणि सही अस्तित्वात नसलेल्या बाईची, हा अन्याय आहे आणि तो अन्याय म्हणूनच नोंदवला पाहिजे.

१९७० च्या सुमारास अमेरिकन व्यापार-आयोगाने कॅम्बेल कंपनीला तिच्या सूपच्या जाहिरातीबद्दल जाब विचारला, कारण वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घालून भाज्यांचे तुकडे वर उचलून धरण्यात आले होते. या प्रकरणातून जो दंडक रूढ झाला तो असा, की जो माल विकायचा तो चित्रात खरा असला पाहिजे. भोवतालचे काही खोटे असले तरी चालेल. कायद्याच्या भाषेत ही विभागणी सुबक दिसते. परंतु हार्लेमच्या मेजाशी तिची तुलना केली म्हणजे काय हरवले ते कळते. तेथे सुरी, वस्त्र आणि पुडी पावाइतकीच खरी होती, आणि पाहणाऱ्याचा विश्वास त्या सर्वांवर मिळून बसत होता. १९५७ साली फ्रेंच टीकाकार रोलाँ बार्त याने एका महिला-साप्ताहिकातील पाकचित्रांवर लिहिताना असे निदान केले, की गुळगुळीत चकाकीखाली झाकलेले आणि उंचावरून टिपलेले हे अन्न केवळ डोळ्यांनी खाण्यासाठी आहे. त्याचे निरीक्षण त्या चित्रांपुरते अचूक होते. ज्या केकचा एकही तुकडा कापलेला नाही, ज्याच्याजवळ एकही कण सांडलेला नाही, त्याच्या मेजाशी बसायला आपल्याला कोणी बोलावीतच नाही.

त्याच काळातील एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. १९६९ साली रोलिंग स्टोन्स या इंग्रज गायकवृंदाच्या तबकडीच्या वेष्टनावर एक भडक, चकचकीत केक छापला गेला. तो ज्या तरुणीने भाजला होता ती त्या वेळी छायाचित्रकारांसाठी पदार्थ तयार करून देणारी एक अज्ञात कारागीर होती, आणि पुढे तीच डीलिया स्मिथ या नावाने इंग्लंडच्या घराघरांत स्वयंपाक शिकवणारी लेखिका झाली. वेष्टनाच्या मागच्या बाजूला तोच केक कापून, चुरडून, उद्ध्वस्त केलेला दाखवला होता. पुढची बाजू बार्तच्या टीकेतली आणि मागची हेडाच्या मेजावरची, असे ते एकाच वेष्टनावरचे दोन पक्ष होते.

१९८० नंतर मागच्या बाजूचा विजय झाला. दिव्यांच्या जागी खिडकीचा तिरपा उजेड आला, कापलेली फाक आणि सांडलेले कण परत आले, सुरीची मूठ पुन्हा कडेबाहेर डोकावू लागली. हा बदल घडवणाऱ्यांपैकी कितीजणांनी क्लास आणि हेडा मुद्दाम अभ्यासले असतील याचा हिशोब लागणे कठीण. परंतु पदार्थ तोच तपकिरी आणि अडचण तीच असल्यामुळे उत्तरही तेच निघाले.

या उत्तराचा आपल्या मुलखाला उपयोग व्हावा अशी माझी इच्छा आहे. १५१० नंतर पोर्तुगीजांबरोबर गव्हाचा पाव गोव्यात आला, माडाच्या सुरेने आंबवला जाऊ लागला, आणि उंडो, कोंड्याची पोळी, कातरलेला पाव, बांगडीसारखे कडक काकण अशी त्याची गोमंतकीय प्रजा वाढली. पोदेर, म्हणजे गोव्याचा पाववाला, बांबूची मोठी पाटी सायकलला बांधून भल्या पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी भोंगा वाजवीत वाड्यावाड्यांतून हिंडतो, जसा लायडेनच्या भटाऱ्याचा मुलगा शिंग फुंकीत होता. परंतु या पावांची अलीकडची छायाचित्रे पाहावीत, तर त्यांच्याखाली परदेशी तागाचा राखाडी रुमाल आणि शेजारी कोणत्याही देशाची असू शकेल अशी संगमरवरी फळी दिसते. हार्लेमकराने आपल्या गावचे वस्त्र, आपल्या बंदरात उतरलेले भांडे आणि आपल्या घरातल्या रद्दीची पुडी मेजावर मांडली होती. पोळीच्या चित्रात पोदेराची पाटी आणि तिच्यावर पाव झाकण्यासाठी घातलेले कापड यावे, उंड्याच्या शेजारी सकाळच्या पातळ भाजीची बशी यावी, आणि काकण मांडायचे तर ते चहात अर्धे बुडवून मोडलेले असावे, कारण काकण तसेच खाल्ले जाते.